तीन त्रिक दहा

ऐन तुयूरमध्ये गेल्या चाळीस वर्षांत एकही पाहुणा खरबग्यात हरलेला नाही. टपालाची गाडी चालवणारा रिदा आठवड्यातून दोनदा येतो, मशिदीमागच्या भिंतीच्या सावलीत बसतो, गावातल्या म्हाताऱ्यांशी एक डाव टाकतो आणि एका खड्याने जिंकून निघून जातो. आपण अख्ख्या दक्षिणेतले पहिल्या नंबरचे खेळाडू आहोत, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. मधे एकदा तो स्पर्धेसाठी राजधानी ट्यूनिसलाही जाऊन आला. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि गावानेही विचारलं नाही.

खरबगा म्हणजे वाळूत बोटांनी पाडलेले एकोणपन्नास खळगे, सात आडवे, सात उभे. एकाकडे खडे, दुसऱ्याकडे खजुराच्या बिया. समोरच्याचा मोहरा आपल्या दोघांच्या मधे सापडला की उचलायचा. शेवटी ज्याचे जास्त उरले तो जिंकला. पाहुण्याला जिंकू देणं कुणालाही जमेल. त्याला शेवटपर्यंत घाम फोडायचा, हरतोय की काय असं वाटायला लावायचं आणि मग त्याच्या नकळत एकाच खड्याने त्याला वर काढायचं, याला मात्र ऐन तुयूरमध्येच जन्म घ्यावा लागतो. आणि पाहुण्याची गाडी खजुरीच्या बागांपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत कुणी हसायचं नाही.

मी बारा किलोमीटरवरच्या गावचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी धुऊन काढतात, मग जेवायला घालतात. त्यामुळे ऐन तुयूरची ही रीत मला कायम गमतीचीच वाटत आली. माझा सगळा गुन्हा या एका वाक्यात येतो, पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही म्हणून पुढचं सांगतो.

माझं नाव मुंधिर. ऐन तुयूरच्या चार खोल्यांच्या शाळेत मी चौथीचा मास्तर होतो, तोही कच्चा. पक्कं व्हायचं तर वसंतात साहेब तपासणीला येणार, वर्ग पाहणार आणि कागदावर सही करणार. पोरं मला सगळ्या मास्तरांना म्हणतात तसं ‘सीदी’ म्हणत, मोठी माणसं एकमेकांच्या नावाआधी मानाने नुसतं ‘सी’ लावत. माझ्याबद्दल शाळेत एकच तक्रार होती, ती माझ्या चेहऱ्याबद्दल. मी गंमत करतो तेव्हा माझा चेहरा हलत नाही. गंमत करत नसतो तेव्हाही हलत नाही. पहिल्याच महिन्यात मी वर्गाला सांगितलं होतं की पहारेकऱ्याची बकरी ही या शाळेची उपमुख्याध्यापिका आहे. पुढचे आठ दिवस अठ्ठावीस पोरं तिला सलाम करून आत येत होती. बकरीचाही काही आक्षेप दिसला नाही. मुख्याध्यापक सी बेलगासम यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “पोरा, तुझ्या कपाळावर एक दिवा बसवून घे. गंमत असली की लावत जा.”

मी दिवा बसवला नाही.

चौथीच्या पोरांना पाढे येत नव्हते. म्हणजे एका सुरात म्हणायला लावले तर झकास म्हणत, मधेच विचारलं की संपलं. सात आठे किती, असं विचारलं तर पोरगं सात एके सातपासून गाडी सुरू करायचं आणि सात पाचेच्या आसपास उतरून जायचं. पाट्या झाल्या, तक्ते झाले, सी बेलगासम यांच्या सल्ल्यावरून दरडावूनही झालं. जानेवारीत परीक्षा घेतली तेव्हा अठ्ठाविसातल्या नऊ जणांना पाढे येत होते आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांचं पाहिलं होतं.

तेव्हा मी अंगणात वाळू टाकून घेतली आणि खरबग्याचे खळगे पाडले. आडव्या ओळींना तीनपासून नऊपर्यंत आकडे दिले, उभ्यांनाही तेच. मोहरा ज्या खळग्यात न्यायचा, त्याच्या आडव्या आणि उभ्या आकड्याचा गुणाकार आधी मोठ्याने सांगायचा. चूक झाली तर खेळी गेली, वर एक मोहरा दंड. चूक पकडायची ती समोरच्याने. त्याने नाही पकडली तर चूक पचली, मास्तर मधे पडणार नाही. आणि मारता येत असताना न मारता सोडायचं नाही, हा नियम मी मागाहून घातला, कारण पोरं आपापल्या चुलत भावंडांना सोडून देऊ लागली आणि या गावात कोण कुणाचं चुलत भावंड नाही हे सांगणं कठीण आहे.

फेब्रुवारी संपता संपता पोरं मधल्या सुट्टीत भाकरी हातात धरून भांडू लागली, आणि भांडण कशावरून, तर आठ सक अठ्ठेचाळीस की छप्पन्न. समोरच्याची चूक पकडली की मोहरा मिळतो म्हटल्यावर दुसऱ्याचा पाढा स्वतःच्या पाढ्याहून जास्त मन लावून ऐकतात. मास्तरांना हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. मला तरी नव्हतं.

या सगळ्यात मबरूका.

ती बारा वर्षांची होती आणि चौथीत दुसऱ्यांदा बसली होती. तिसऱ्यांदा बसता येत नाही. पुढे जा, नाहीतर घरी जा. तिचे वडील सालेम खजुरीच्या झाडांवर चढायचं काम करत. माणूस वाईट नव्हता. त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं, “सी मुंधिर, पास झाली तर शिकू दे. शिक्क्याचा कागद आणा, मी अंगठा नाही, चांगली सही करतो. पण शाळाच नको म्हणाली तर मी शाळेच्या पाया पडणार नाही.” पहिल्या सहामाहीत तिला इतके कमी गुण होते की वर्षाची सरासरी कशीही केली तरी एक-दोन गुणांनी कमीच भरायची. अशा पोरांसाठी तपासणीच्या साहेबांची शिफारस लागते. साहेब म्हणाले वर घाला, की वर. म्हणजे त्या वसंतात एकाच माणसाच्या सहीवर आमचं दोघांचं अडलं होतं, माझं आणि तिचं.

मबरूका वर्गात बोलायची नाही. मागच्या बाकावर हात बाकाखाली धरून बोटं मोजत बसायची. अंगणात वाळू पडली त्या दिवशी मात्र ती पहिल्यांदा स्वतःहून पुढे आली. तीन वर्षं ती रोज दुपारी वडिलांची भाकरी घेऊन मशिदीमागून जात होती आणि जाताना भिंतीच्या कोपऱ्याशी थांबून म्हाताऱ्यांचे डाव बघत होती. मुलींनी तिथे बसायची पद्धत नाही, उभं राहायला कुणी हरकत घेत नाही. पंधरा दिवसांत ती वर्गात कुणाला हार जाईना. आकडा तिच्या तोंडून हाताच्या आधी यायचा. एकदा मी तिला विचारलं की त्या म्हाताऱ्यांतला सगळ्यात मुरलेला खेळाडू हाज मसऊद, त्याने काल रिदाला ती बी फुकट का दिली, मला तर ती चूकच वाटली. ती म्हणाली, “रिदा काल दमला होता, सीदी. टायर फुटला होता ना. मग त्याला जरा लवकर जिंकवलं.”

हे ती अशा सुरात म्हणाली की जणू मी विचारलं होतं, पाऊस पडला की ओलं का होतं.

मार्चअखेर मी पुन्हा परीक्षा घेतली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. मबरूकाचा कागद सगळ्यात आधी आला आणि तिने कोपऱ्यात छोटे छोटे खळगे काढले होते. मी तो कागद सी बेलगासम यांना दाखवला. त्यांनी त्या खळग्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “आम्ही चाळीस वर्षं पोरांना वाळूत खेळू नका म्हणून मारलं,” आणि कागद परत दिला.

साहेब मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येणार असं पत्र आलं. गुरुवारी शाळा सुटताना मी वर्गाला सांगितलं की उद्या तपासणीचे साहेब सी अब्दस्सत्तार येणार आहेत, नखं कापून या, बकरीला बांधून ठेवा. मग मबरूका दप्तर भरत होती तिच्याजवळ गेलो. मला तिला धीर द्यायचा होता. सरळ शब्दांत धीर देणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, “साहेब खेळायला बसले तर हरवू नकोस हं त्यांना. पाहुणे आहेत. हरले तर मला पक्कं करणार नाहीत.”

चेहरा अर्थातच हलला नाही.

ती म्हणाली, “बरं, सीदी.”

मी घरी गेलो. टोमॅटोत अंडी फोडून शकशुका केला, खाल्ला, शर्टाला इस्त्री केली आणि गाढ झोपलो. ही झोप मला अजून आठवते. तिच्यानंतर तशी लागली नाही.

सी अब्दस्सत्तार हे जाड, घामेजलेले आणि खरं सांगायचं तर चांगले गृहस्थ होते. त्यांनी पोरांच्या वह्या पाहिल्या, फळ्याखालचा खडू पाहिला, बकरीकडे पाहून काही विचारलं नाही. मग मी त्यांना अंगणात नेलं आणि खेळ समजावला. त्यांचा चेहरा उजळला. लहानपणी आजोळी खूप खेळलोय म्हणाले. कोट काढून सी बेलगासम यांच्या हातात दिला, खुर्चीवरची गादी मागवून वाळूवर टाकली आणि तिच्यावर मांडी घातली. त्या मांडीला वेळ लागला.

“कोण चांगलं खेळतं तुमच्यात?” त्यांनी विचारलं.

सत्तावीस पोरांनी मबरूकाकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटत होता, हे लिहून ठेवतो.

तिने बिया घेतल्या, साहेबांनी खडे. सुरुवातीचा डाव मी आजवर पाहिलेल्या डावांतला सर्वांत सुंदर होता. “आठ नवे बाहत्तर.” बी पुढे. “सात सक बेचाळीस.” खडा उचलला. साहेब आपला गुणाकार सांगताना वर आभाळाकडे बघत आणि डाव्या हाताची बोटं पॅंटवर एक एक करून दाबत. खेळायचेही असे की आपला खडा स्वतः होऊन तिच्या दोन बियांच्या मधे आणून ठेवायचे. मारता येत असताना सोडायचं नाही हा माझाच नियम, तेव्हा ती मारत होती. बघता बघता ती सहा मोहऱ्यांनी वर गेली. साहेबांच्या मानेवरून घाम वाहत होता. सी बेलगासम माझ्याकडे पाहत होते. मला वाटत होतं, आता सही होणार, दोन्ही सह्या होणार.

मग ती म्हणाली, “सात आठे चौपन्न.”

मला वाटलं, घसरली जीभ. साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, “बरोबर.” तिची बी खळग्यात गेली.

मबरूकाने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, साहेबांकडे. वाटेत अनोळखी विहीर लागली की माणूस आत खडा टाकून बघतो, तशी ती त्यांच्याकडे बघत होती. पुढच्या खेळीला म्हणाली, “सहा नवे त्रेपन्न.”

“छान,” साहेब म्हणाले.

तेव्हा मला कळलं. मी पोरांकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं होतं, आणि आधीच कळलं होतं. कुणी आभाळात बघत होतं, कुणी चपलेत. फतही नावाचं बडबडं पोर शर्टाची कॉलर दातांत धरून उभं होतं. एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं. ती ऐन तुयूरची पोरं होती. त्यांच्यासमोर कुणीतरी हाज मसऊदच्या तोडीचं काम करत होतं आणि ती श्वास धरून ते बघत होती.

पण अडचण अशी होती की पाहुणा जिंकायला तयार नव्हता. हरायचं तर तिने चुकायला हवं, आणि चूक समोरच्याने पकडायला हवी. “सात सक अडतीस,” असं म्हणून तिने बघितलं. साहेब जरा थांबले, बोटं दाबली, मग सोडून दिलं. पोरगी संकटात सापडली. अशी वेळ म्हाताऱ्यांवरही कधी आली नसेल. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि एक एक पायरी खाली उतरू लागली. “पाच सक चौतीस.” नाही. “चार सक तेवीस.” नाही. “पाच चोक बावीस.”

साहेबांची मान वर झाली. “अं? पाच चोक वीस ना गं?”

मबरूकाने मान खाली घातली आणि एक बी दंड दिला. आता तिने पाहुण्याचं पाणी जोखलं होतं. त्यानंतर तिने वरच्या पाढ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चार त्रिक तेरा. दंड. पाच त्रिक चौदा. दंड. साहेब आता पुढे सरसावून बसले होते, डोळे चमकत होते, प्रत्येक चूक ते झडप घालून पकडत होते आणि दर वेळी मायेने बरोबर उत्तर सांगत होते. मधे त्यांनी पुन्हा एक खडा तिच्या तोंडात आणून ठेवला, तो तिला मारावा लागला, त्याची भरपाई म्हणून आणखी एक चूक करावी लागली. मोहरे बरोबरीत आले. घंटा व्हायला आली होती, शेवटची खेळी उरली. मी उभा होतो तिथून चार पावलांवर. चार पावलं पुढे जाऊन वाळूत पाय घातला असता तर डाव मोडला असता. साहेबांना राग आला असता, माझी सही गेली असती, आणि पोरीला बाजूला नेऊन सांगता आलं असतं की अगं, मी गंमत केली होती.

मास्तर मधे पडणार नाही, असा नियम होता. मी तो पाळला.

“तीन त्रिक दहा,” मबरूका म्हणाली.

सी अब्दस्सत्तार एका खड्याने जिंकले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं त्यांच्यासाठी. मबरूकाने हात झटकले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ पूर्ण करून आणलेलं पोर वही पुढे करताना बघतं, तसं.

नंतर कचेरीत चहा झाला, बदाम घातलेला. साहेब अजून डावातच होते. सी बेलगासम यांना दोन खेळ्या पुन्हा समजावून सांगत होते. मग त्यांनी कागद काढले. माझा कागद आधी. त्यावर लिहिलं की हा तरुण शिक्षक खेळातून शिकवतो, वर्गाला शिस्त आहे, आणि या पद्धतीने खेळणाऱ्याचा आत्मविश्वास फार वाढतो. शेवटच्या वाक्यावर मला शंका नव्हती. सही झाली. मग मबरूकाचा कागद.

“ही मघाचीच ना?” ते म्हणाले. “हिला पाचवीत घालायचं म्हणता?”

सी बेलगासम म्हणाले की मुलगी हुशार आहे. मी मार्चचा परीक्षेचा कागद पुढे केला. साहेबांनी तो पाहिला, कोपऱ्यातले खळगे पाहिले आणि समजूतदारपणे हसले. म्हणाले, “परीक्षेत शेजारचं बघता येतं, सी मुंधिर. डावात नाही. तीन त्रिक दहा म्हणाली हो ती. बारा वर्षांची मुलगी. तिला वर ढकलून आपण तिचंच वाईट करू.”

मी तोंड उघडलं.

सांगायचं एवढंच होतं की ती मुद्दाम हरली. पण मग ते विचारणार, तीन त्रिक दहा हेही मुद्दाम? आणि मग मला म्हणावं लागणार, हो साहेब, कारण सात आठे चौपन्न तुम्हाला चाललं, सहा नवे त्रेपन्नही चाललं, तुमच्यासाठी तिला तीन त्रिकापर्यंत खाली यावं लागलं. हे वाक्य माझ्या डोक्यात पूर्ण तयार होतं. त्यात एकही शब्द कमी-जास्त नव्हता. टेबलाखाली सी बेलगासम यांचा बूट माझ्या बुटावर आला आणि तिथेच राहिला. माझी सही अजून ओली होती, कागद साहेबांच्या कोपराखाली होता. आणि पाहुण्याला तोंडावर सांगायचं की तुला जिंकवलं, हे तर आमच्या गावातही कुणी करत नाही.

मी म्हणालो, “तिला तुमची भीती वाटली असेल.”

“माझी?” साहेब म्हणाले. “मला तर माझी मुलंही घाबरत नाहीत.” आणि त्यांनी नाही असं लिहिलं.

साहेब गेले तरी सी बेलगासम माझ्या बुटावरचा पाय काढायला विसरले होते. तसेच बसून म्हणाले, “तू सांगितलं होतंस तिला?” मी म्हटलं, गंमत केली होती. ते उठले आणि चहाचे पेले गोळा करू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जूनमध्ये निकालाची यादी दारावर लागली. मबरूकाने ती वाचली, खालपासून वरपर्यंत आणि पुन्हा वरपासून खालपर्यंत. मग वर्गात आली. मी पुस्तकं बांधत होतो.

“सीदी, माझं काही चुकलं का?” तिने विचारलं. “मी एकाच खड्याने हरले होते.”

मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही. आणखी काही येईल असं तिला वाटलं असावं. मग तिने बाकाखालून आपली बियांची पिशवी काढली, फतहीला दिली आणि गेली.

उन्हाळाभर मी एक पत्र लिहीत होतो. पहिल्या खर्ड्यात मी फक्त फेरतपासणीची विनंती केली. दुसऱ्यात खेळ समजावला. तिसऱ्यात गावाची रीत समजावली आणि ती वाचताना मलाच खोटी वाटली. शेवटच्या खर्ड्यात सगळं लिहिलं, माझं गुरुवारचं वाक्य, सात आठे, सहा नवे, सगळं. तो पाठवायला ऑगस्ट उजाडला. तोवर माझा पक्केपणाचा हुकूम येऊन महिना झाला होता. म्हणजे मी शूर झालो तो हुकूम फायलीत लागल्यावर.

सप्टेंबरात मला प्रांताच्या गावी बोलावलं, खेळातून शिक्षण या विषयावर इतर मास्तरांना सांगायला. मला वाटलं पत्राचंच काहीतरी असेल. तसं नव्हतं. मोठी खोली, पंखा, पाण्याच्या बाटल्या. मी आकडे सांगितले. जानेवारीत नऊ, मार्चमध्ये अठ्ठावीस. सत्तावीस विद्यार्थी वरच्या वर्गात गेले. टाळ्या झाल्या. एका बाईंनी हात वर करून विचारलं की उरलेल्या एकाला या पद्धतीचा फायदा का झाला नसावा. मी म्हणालो, तिला सगळ्यात जास्त झाला. खोली खळखळून हसली. माझ्या चेहऱ्याचा लौकिक तोवर तिथपर्यंत पोचलेला होता.

पत्राचं उत्तर ऑक्टोबर अर्धा सरल्यावर आलं. सी अब्दस्सत्तार यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी दोन ओळींत लिहिलं होतं की महिनाअखेर मुलीची फेरपरीक्षा घ्यावी, उत्तीर्ण झाल्यास पाचवीत बसवावं, सोबतच्या कागदावर पालकांची सही घ्यावी. मी तो कागद घेऊन त्याच दिवशी सालेमच्या घरी गेलो.

खजुरांचे दिवस होते. घरामागे ताडपत्री पसरून मबरूका आणि तिची आई उम्म हनी निवडायला बसल्या होत्या. देठाला धरलेले लखलखीत खजूर एका पेटीत, सुटे दुसरीत, वाळके मेंढ्यांना. मबरूका उंच झाली होती. बोटं चिकट, डोळे पेटीवर नाहीतच, हात आपले आपण वाटणी करत होते. सालेमने माझं बोलणं ऐकून घेतलं, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. म्हणाला, “मी सांगितलं होतं, सही करीन. करतो. पण आधी तिला विचारा. मागच्या वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं.”

मी ताडपत्रीच्या कडेला बसलो आणि मबरूकाला सांगितलं. परीक्षा आहे, साधीच आहे, नव्या बाई येतील, पाढे विचारतील. तुला सगळं येतं.

तिने हात फडक्याला पुसले आणि कागद घेतला. नीट वाचला. ती आता भरभर वाचत होती. मग तिने विचारलं, अगदी साधेपणाने, त्यात टोमणा नव्हता, मी शोधला तरी सापडला नाही.

“आणि तिथे कुणाला जिंकू द्यायचंय, सीदी?”

मी म्हणालो, “कुणालाच नाही. तिथे फक्त बरोबर उत्तर द्यायचं.”

मबरूकाने कागद पुन्हा पाहिला. उम्म हनीचे हात थांबले होते.

“मग त्या दिवशी पण तसंच होतं का?”

हा प्रश्न मी पाच महिने चुकवत आलो होतो. म्हणालो, “हो. मी गंमत केली होती, मबरूका. मला वाटलं तुला कळेल.”

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काय शोधत होती ते मला माहीत आहे. मी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आणायचा खरंच प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा केला. काय आलं ते मला दिसलं नाही, पण तिने नजर काढून घेतली.

“मला वाटलं, मी चांगलं केलं,” ती म्हणाली. मग तिने कागद होता त्याच घडीवर जपून दुमडला आणि माझ्या हातात दिला. “राहू दे, सीदी. आता नको.”

मी बोलायला लागलो. चांगलं बोललो असेन. शाळेचं, पुढच्या वर्षांचं, फतही तिची आठवण काढतो त्याचं. ती ऐकत होती आणि निवडत होती. मान डोलावत होती, मोठ्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत डोलावतात तशी. सालेम भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले नाहीत, हातही वर केले नाहीत. म्हणाला, “शाळेने नाही म्हटलं तेव्हा मी शाळेच्या पाया पडलो नाही. आता ती नाही म्हणतेय. तिच्याही पडणार नाही.”

मग उम्म हनीने जेवायला वाढलं. नाही म्हणता येत नाही. निघताना सालेमने देठाच्या खजुरांची एक पेटी भरून माझ्या काखेत दिली. मी नको म्हणालो. तो म्हणाला, आमच्या मुलीचे मास्तर आहात. बसमध्ये मी पेटी मांडीवर ठेवली आणि सहीचा कागद पेटीखाली. खजूर फार चांगले होते. महिना संपायच्या आत मी सगळे खाल्ले.